घोषित मूल्य : वाटेत मोडलेल्या पार्सलाची भरपाई कोणी द्यावी?

टपालाने किंवा कुरिअरने पाठवलेली वस्तू वाटेत मोडली तर तिची भरपाई कोणी आणि किती द्यावी, हे ती कोणाच्या हातून मोडली यावरून क्वचितच ठरते. ती कोणत्या सेवेने पाठवली, पाठवताना तिची किंमत सांगितली होती की नाही आणि ती ताब्यात घेताना खोक्याची अवस्था कोणी नोंदवली, यांवरच निकाल बहुतेक वेळा अवलंबून असतो. या विषयात तीन जबाबदाऱ्यांची नेहमी गल्लत होते. पहिली वाहकाची मूळची कायदेशीर जबाबदारी, म्हणजे माल ताब्यात घेतल्यामुळेच त्याच्यावर येणारी; दुसरी टपाल खाते जादा शुल्क घेऊन पत्करते ती, जिला खात्यात विमा म्हणतात, पण जिच्यामागे कोणत्याही विमा कंपनीची पॉलिसी नसते; आणि तिसरी खऱ्या अर्थाने विम्याची, ज्यात विमा कंपनी हप्ता घेऊन प्रवासातील जोखीम स्वतःकडे घेते. क्लेम फेटाळला गेल्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळांना आपला क्लेम या तिन्हींपैकी नेमका कोणावर होता, हेच शेवटपर्यंत उमगत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण समोर ठेवता येईल. पेणमधील एका कारखान्यातून शाडूच्या मातीची ८,००० रुपयांची गणेशमूर्ती ४०० रुपये खर्चून इंदूरमधील एका मराठी कुटुंबाकडे पाठवली गेली. खोके पोचले तेव्हा त्याचा एक कोपरा दबलेला होता, बाकी ते शाबूत दिसत होते, आणि आत मूर्तीची सोंड व उजव्या हाताची बोटे निखळलेली होती. या एका खोक्याभोवती दोन भूमिका कशा उभ्या राहतात, हे पुढील संवादातून मांडले आहे. त्यातील एक वक्ता निवृत्त डाक अधीक्षक असून मर्यादित जबाबदारी ही सार्वजनिक टपालसेवेची गरज आहे असे त्याचे मत आहे. दुसरी वक्ती ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती असून ज्याच्या ताब्यात वस्तू मोडली त्यानेच ती भरून द्यावी, असे तिचे म्हणणे आहे.

कार्यकर्ती : साहेब, पेणच्या कारागिराने मूर्ती धड दिली आणि इंदूरच्या कुटुंबाला ती मोडकी मिळाली, एवढे तर कोणी नाकारत नाही. मधल्या चार दिवसांत ती कोणत्या गाडीत होती, तिच्यावर कोणते ओझे रचले गेले, वर्गीकरण केंद्रात ती किती उंचीवरून पडली, यांतले काहीही प्रेषकाला दिसत नाही आणि दिसणारही नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेतलीच पाहिजे. हा दंडक गोदामवाल्याला लागतो, धोब्याला लागतो. मग टपाल खातेच त्यातून सुटते कसे?

अधीक्षक : ताई, टपाल खाते त्या अर्थाने कधी वाहक मानलेच गेलेले नाही, आणि हा वाद इथला किंवा आजचाही नाही. इंग्लंडमध्ये १७०१ च्या लेन विरुद्ध कॉटन खटल्यात पत्रातून सरकारी हुंड्या चोरीला गेल्या होत्या. बहुसंख्य न्यायाधीशांनी पोस्टमास्तरांना जबाबदार धरले नाही, मुख्य न्यायमूर्ती होल्ट यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. पुढे १७७८ मध्ये एका टपाल कर्मचाऱ्याने बँकेची नोट चोरल्याच्या प्रकरणात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी पोस्टमास्तर-जनरल हा सामान्य वाहक नसून शासनव्यवस्थेचा एक भाग आहे, असा निर्वाळा दिला. तोच विचार भारतीय टपाल अधिनियम, १८९८ च्या कलम ६ मध्ये उतरला : खात्याने स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीखेरीज वस्तू हरवणे, चुकीच्या पत्त्यावर जाणे, उशीर होणे किंवा मोडतोड होणे यांबद्दल सरकार देणे लागत नाही, आणि कर्मचाऱ्याने लबाडीने अथवा जाणूनबुजून केल्याशिवाय तोही देणे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकार विरुद्ध मोहम्मद नझीम या प्रकरणात टपाल कार्यालय म्हणजे सामान्य वाहक नव्हे, ते सार्वजनिक सेवेचे अंग आहे, असेच म्हटले.

कार्यकर्ती : न्यायालयांनी म्हटले, हे मान्य. पण त्यामागचे कारण कोणते?

अधीक्षक : दराचे. १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले, कारण दर वजनावर बांधला गेला आणि अंतराचा हिशेबच काढून टाकला गेला. आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे तर खाते विचारतच नव्हते. ज्या दरात वस्तूच्या किमतीचा हिशेब नाही, त्या दरातून तिच्या किमतीएवढी भरपाई द्यायची झाली, तर तो पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जाणार? साधे पत्र टाकणाऱ्याच्या. किमती वस्तू पाठवणाऱ्याची जोखीम पोस्टकार्ड लिहिणाऱ्याने का उचलावी, याचे उत्तर मिळत नाही, म्हणून मर्यादा आली.

इथे अधीक्षकांच्या युक्तिवादाचा पाया स्पष्ट होतो. जबाबदारीची मर्यादा ही त्यांच्या दृष्टीने खात्याला दिलेली सूट नसून, सर्वांना परवडणाऱ्या एकसमान दराची किंमत आहे. कार्यकर्तीचा आक्षेप या तत्त्वावर नाही. पत्रासाठी घडवलेले तत्त्व पार्सलाला लावले जाते, यावर आहे.

कार्यकर्ती : पत्रापुरते हे पटण्याजोगे आहे. पण पार्सलाचा दर वजन आणि अंतर मोजूनच घेतला जातो, आणि त्याच धंद्यात खासगी कंपन्याही उतरलेल्या आहेत. रस्तेमार्गे वहन अधिनियम, २००७ मध्ये सामान्य वाहकाची व्याख्या करताना दारापासून दारापर्यंत माल नेणाऱ्या कुरिअर संस्थेचा समावेश स्पष्टपणे केला आहे आणि त्याच व्याख्येतून सरकारला वगळले आहे. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मालाचे नुकसान झाल्यास वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नसतो. म्हणजे एकाच महामार्गावरून दोन ट्रक चालले आहेत, दोन्हींत शाडूच्या मूर्ती आहेत, आणि एका ट्रकमधल्या मोडतोडीबद्दल मालक सकृद्दर्शनी जबाबदार, तर दुसऱ्यातल्या मोडतोडीबद्दल कायद्यानेच मुक्त. टपाल कार्यालय अधिनियम, २०२३, जो १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम १० नेही नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खात्यावर काही येऊ दिलेले नाही. सव्वाशे वर्षांनी कायदा बदलला, पण हे कवच तसेच राहिले.

अधीक्षक : ताई, खासगी ट्रकमधल्या मूर्तीचे पूर्ण पैसे मिळतात, असा समज मात्र होऊ देऊ नये. २००७ च्या कायद्याचे कलम १० आणि त्याखालचे नियम पाहिले, तर प्रेषकाने जादा किंमत जाहीर करून जादा जोखीमदर भरला नसेल, तेव्हा वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. ४०० रुपये भाडे, म्हणजे फार तर ४,००० रुपये. मूर्ती ८,००० ची. १८९८ च्या कायद्याखालील नियमांत स्पीड पोस्टची वस्तू मोडल्यास भरलेल्या शुल्काची दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती द्यायची, असे ठरलेले होते; त्या हिशेबाने ८०० रुपये. रक्कम तोकडी आहे, यात वाद नाही. पण दोन्हीकडे एक दार उघडे होते : किंमत जाहीर करा, तिच्या प्रमाणात शुल्क भरा आणि तेवढ्या भरपाईचा हक्क घ्या.

या दाराला घोषित मूल्य असे म्हणता येईल, म्हणजे प्रेषकाने वस्तू सोपवतानाच लेखी सांगितलेली तिची किंमत. ही कल्पना जुनी आहे. १८६५ च्या वाहक अधिनियमाच्या अनुसूचीत सोने, जडजवाहीर यांच्याबरोबर काच आणि चिनी मातीची भांडीही होती. अशा वस्तूंची किंमत १०० रुपयांहून अधिक असेल आणि ती प्रेषकाने स्पष्टपणे सांगितलेली नसेल, तर वाहक जबाबदार नसे. १८९८ च्या टपाल कायद्यानेही विमाकृत वस्तूंसाठी वेगळी कलमे ठेवली. त्यांतील कलम ३३ प्रमाणे भरपाई विम्याच्या रकमेपेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षाही जास्त नसावी, अशा दोन वेसणी होत्या, आणि ती प्रेषकालाच मिळायची. त्यामुळे इंदूरच्या कुटुंबाच्या घरात नुकसान झाले, तरी हक्क पेणच्या कारागिराकडे राही.

अधीक्षक : विमाकृत पार्सल पूर्वी कसे घेत, हे ताईंनी पाहिलेच असेल. मांजरपाटात शिवलेले खोके, शिवणीवर थोड्याथोड्या अंतराने लाखेच्या मोहोरा, आणि प्रत्येक मोहोरेवर प्रेषकाचा स्वतःचा ठसा. नाण्याचा ठसा चालत नसे, कारण नाणे कोणाकडेही असते आणि फोडलेली मोहोर पुन्हा उठवता येते. विम्याची रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहायची, वजन काटेकोर नोंदवायचे. पोचल्यावर वजन जुळले, ठसे जुळले, शिवण अभंग असली की वाटेत कोणी हात घातला नाही, हे खोके स्वतःच सांगत असे. खात्याने जबाबदारी घेतली ती अशा पुराव्याच्या बळावर.

कार्यकर्ती : त्या सगळ्या व्यवस्थेचा रोख चोरीवर होता, साहेब, आदळआपटीवर नव्हता. लाखेची मोहोर शाबूत राहते आणि आतली सोंड तुटते. आणि हे दार उघडे होते म्हणता, तर ते कोणाला दिसले? बुकिंगच्या खिडकीवर वजन होते, पिनकोड विचारला जातो, पैसे घेतले जातात. किंमत किती आणि विमा करायचा का, हे विचारलेच जाईल असे नाही. कुरिअरच्या डॉकेटवर, म्हणजे पावतीवर, 'ओनर्स रिस्क' म्हणजे मालकाच्या जोखमीच्या चौकटीत खूण आधीच केलेली असते आणि अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात. न विचारलेल्या प्रश्नाला प्रेषकाने नकार दिला, असे कायद्याने कसे मानावे?

अधीक्षक : न्यायालयाने तसे मानलेले आहे. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालात जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे पोचली नाहीत म्हणून लाखोंची भरपाई मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने पावतीवरील अटींवर प्रेषकाची सही असल्याने १०० डॉलरची मर्यादा उचलून धरली. कागदावर सही केली की त्याच्या अटी लागू होतात, हा करारकायद्याचा कणा आहे.

कार्यकर्ती : त्या निकालाचा आधार सही हा होता, हे विसरून चालणार नाही. जिथे सही नव्हती, अटी समजावल्या नव्हत्या, तिथे ग्राहक आयोगांनी छापील मर्यादा झुगारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित करार ही संकल्पना आली : ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या, एकाच बाजूला झुकलेल्या अटींचा करार. अर्थात अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि ८,००० रुपयांच्या मूर्तीसाठी तिथे कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. सेवेतील त्रुटीची साधी तक्रार मात्र ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

इथवर वाद मर्यादेचा होता. परंतु मर्यादा बाजूला ठेवून पूर्ण रकमेचा विमा उतरवला होता असे धरले, तरी क्लेम मंजूर होईलच असे नाही, कारण पुढचा प्रश्न नुकसान कशामुळे झाले हा असतो. मालवाहतुकीच्या विम्याचे मूळ सागरी विम्यात आहे. सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या कलम ५५ प्रमाणे, पॉलिसीत वेगळे म्हटलेले नसेल तर, नेहमीची झीज, नेहमीची गळती व फूट, मालाचा अंगभूत दोष आणि उंदीर-घुशींनी केलेले नुकसान यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. अंगभूत दोष म्हणजे बाहेरचा कोणताही आघात नसताना वस्तूच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे होणारी हानी. देशांतर्गत वाहतुकीच्या पॉलिसींमध्ये अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसानही सहसा वगळलेले असते.

अधीक्षक : शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते, सोंड, कान, बोटे हे तिचे सर्वांत बारीक भाग. ती एकाच खोक्यात, भोवती चुरगळलेले वर्तमानपत्र भरून पाठवली आणि वर 'नाजूक' अशी चिठ्ठी डकवली, तर ती चिठ्ठी वर्गीकरणाचा पट्टा वाचत नाही. मूर्तीचा तळ लाकडी पाटाला पक्का बांधणे, हातापायांखालच्या पोकळीत पेंढा किंवा फोम दाबून भरणे, आणि हे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी गादी घालून ठेवणे, एवढे केले नसेल तर दोष वाहकाचा कसा? खोके बाहेरून शाबूत आणि आत मोडतोड, यावरून सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा परवानाधारक, पहिला संशय पॅकिंगवरच घेणार.

कार्यकर्ती : खोके पूर्ण शाबूत नव्हते; एक कोपरा दबला होता. नेहमीच्या हाताळणीत कोपरा आत जात नाही, तो खोके कोपऱ्यावर आपटल्याने जातो, आणि तोच बाहेरच्या आघाताचा पुरावा. पण तो पुरावा दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या समोर नोंदवला गेला पाहिजे, आणि तिथे तर ओटीपी किंवा सही आधी, खोके नंतर, असा क्रम असतो. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम ८१ पाहा : माल मोडलेला किंवा छेडछाड झालेला दिसला आणि मालकाने मागणी केली, तर रेल्वेला 'ओपन डिलिव्हरी' द्यावी लागते, म्हणजे रेल्वेच्या माणसासमक्ष माल उघडून नुकसान लिहून घ्यावे लागते. जे रेल्वेच्या गोदामात चालते, ते घराच्या उंबऱ्यावर का चालू नये?

अधीक्षक : दबलेला कोपरा, फाटलेली पट्टी किंवा वजनातला फरक दिसला, तर ओपन डिलिव्हरी मागावी, यात हरकत घेण्यासारखे काही नाही. प्रत्येक खोक्यासाठी ती सक्तीची केली, तर बटवडाच थांबेल.

या मुद्द्यावर दोन्ही पक्ष जवळ येतात. पण भरपाई किती, हा प्रश्न येताच पुन्हा दुरावतात. विम्याचे मूलतत्त्व क्षतिपूर्तीचे आहे : विमाधारकाचे जेवढे नुकसान झाले तेवढेच भरून द्यायचे, त्याला फायदा होऊ द्यायचा नाही. म्हणून ८,००० च्या मूर्तीचे मूल्य २०,००० घोषित केले तरी हिशेब ८,००० पासूनच सुरू होतो. उलट ४,००० घोषित केले आणि नुकसान ३,००० चे झाले, तर १८९८ च्या टपाल कायद्याच्या सूत्रात पूर्ण ३,००० बसत. विमा कंपनीच्या पॉलिसीत मात्र अल्पविम्याचा नियम लागू झाल्यास अर्ध्या किमतीचा विमा म्हणून अर्धीच भरपाई, म्हणजे १,५०० रुपये, मिळते.

अधीक्षक : सोंड आणि बोटे पुन्हा बसवायला कारागीर समजा ३,००० घेईल. तेच नुकसान. कुटुंबाला वाईट वाटले, ऐन चतुर्थीच्या तोंडावर धावाधाव झाली, याचे मोल पॉलिसीत नसते.

कार्यकर्ती : खंडित मूर्ती पुजत नाहीत, साहेब. इंदूरच्या त्या घराच्या दृष्टीने ती डागडुजीची वस्तू राहिलीच नाही. तिचे विसर्जन करणे एवढेच उरते. हा भावनेचा मुद्दा नाही, वस्तूच्या उपयोगाचा आहे. सागरी विमा अधिनियमाच्या कलम ५७ मध्येच म्हटले आहे की विमाकृत वस्तू इतकी बिघडली की ती त्या जातीची वस्तूच उरली नाही, तर ते संपूर्ण नुकसान समजावे. पूजेची मूर्ती खंडित झाली की ती पूजेची मूर्ती उरत नाही.

अधीक्षक : प्राणप्रतिष्ठेपूर्वी कारखान्यातही बोट तुटते आणि कारागीर ते जोडतो, ती मूर्ती कोणी टाकून देत नाही. तरीही हा युक्तिवाद एका अटीवर टिकेल : बुकिंगच्या कागदावर काय लिहिले होते? 'मातीची शोभेची वस्तू' असे लिहिले असेल, तर सोंड जोडल्यावर ती शोभेची वस्तूच राहते. 'पूजेसाठी गणेशमूर्ती' असे लिहिले असेल, तर विमा कंपनीला निदान विचार करावा लागेल.

कार्यकर्ती : म्हणजे पुन्हा खिडकीवरच येऊन पोचलो. आणि कारागिरानेही हे ओळखले पाहिजे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ नुसार विक्रेत्याने मालाचे स्वरूप पाहता वाजवी ठरेल असा करार वाहकाशी केला नाही आणि माल वाटेत बिघडला, तर वाहकाच्या हाती दिलेला माल आपल्याला मिळाला असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो. शाडूची मूर्ती मूल्य न सांगता पाठवणे हा वाजवी करार ठरेल का, हा प्रश्न ग्राहक विचारू शकतो.

या देवाणघेवाणीतून निघणारा निष्कर्ष दोन्ही पक्षांना पूर्णपणे रुचणारा नाही. अमर्याद जबाबदारीचा भार अखेर साध्या पत्राच्या आणि स्वस्त पार्सलाच्या दरावर पडेल, हे अधीक्षकांचे म्हणणे नाकारता येत नाही. पण मर्यादेचे समर्थन ज्या घोषित मूल्याच्या पर्यायावर उभे आहे, तो पर्याय प्रेषकासमोर प्रत्यक्ष ठेवला गेला नसेल, तर ते समर्थनच कोसळते. भरपाईचा हक्क, नुकसानीचे कारण आणि त्याचे मोजमाप या तिन्हींचा निर्णय वस्तूचे मूल्य, तिचे वर्णन आणि तिचे पॅकिंग यांच्या बुकिंगच्या वेळच्या नोंदीवर येऊन ठेपतो, आणि नेमकी हीच नोंद आज सर्वांत घाईने होते. तेव्हा मर्यादेचा लाभ घेऊ पाहणाऱ्या वाहकाने, मग तो सरकारी असो वा खासगी, किंमत विचारल्याचे, विम्याचे शुल्क सांगितल्याचे आणि प्रेषकाने ते स्वीकारल्याचे वा नाकारल्याचे लेखी दाखवले पाहिजे. ते दाखवता आले नाही, तर मर्यादेचा आधार त्याला मिळू नये. याउलट विचारल्यावरही ज्याने 'नको' म्हटले, त्याने दुप्पट शुल्कात किंवा दहापट भाड्यात समाधान मानणे भाग आहे. बाहेरून शाबूत आणि आत मोडलेल्या खोक्याचा सिद्धिभार कोणावर, या मुद्द्यावर अधीक्षक आणि कार्यकर्ती यांचा मतभेद अशा व्यवस्थेतही शिल्लक राहतो. तिथे कायद्याला कोणा एकाच्या बाजूने कौल द्यावाच लागेल, आणि वाटेतला प्रवास ज्याला दिसतो त्याच्याकडून उत्तर मागणे हेच अधिक न्यायाचे दिसते.